मळ जातो कुठे?

सण तोंडावर आला की देवघरातली तांब्या-पितळेची भांडी मोरीवर येतात. भिजवलेली चिंच, तिच्यावर चिमूटभर मीठ, आणि काळवंडलेला तांब्या बघता बघता लालसर उजळतो. वाशीम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगमध्ये काय, किंवा वऱ्हाडातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, हे कुणाला शिकवावे लागत नाही. घासणाऱ्या बाईला कारण विचारले तर ती सांगेल, देवाची भांडी आहेत, त्यांना बाजारची पावडर कशाला? शाळेतले विज्ञानाचे गुरुजी सांगतील, चिंचेतले टार्टारिक आम्ल तांब्यावरचा ऑक्साइडचा थर विरघळवते. दोघांचेही बरोबर आहे. पण भांड्यावरून निघालेला तो मळ पुढे गेला कुठे, हे दोघांनाही कुणी विचारत नाही.

प्रश्न मोरीच्या नळीचा वाटतो खरा. पण स्वच्छता हे धर्माचे अंग मानणाऱ्या समाजात तो तिथेच थांबत नाही. माझे घर स्वच्छ झाले आणि त्यापायी शेजाऱ्याची विहीर, नदीतला मासा किंवा संडास साफ करणाऱ्याचे फुप्फुस बिघडले, तर मी शुद्ध झालो की नाही?

हल्ली फिनाईल, ॲसिड आणि सुगंधी द्रव्यांच्या बाटल्या बाजूला सारून घरच्या घरी साफसफाईची द्रव्ये करणारी कुटुंबे वाढताहेत. कुणाला दमा आहे, कुणाच्या घरात रांगते मूल आहे, कुणाला नदीची काळजी आहे, कुणाला महिन्याच्या खर्चाची. कारणे चांगलीच आहेत. गंमत अशी की या द्रव्यांची बाजू मांडताना माणसे पटकन कुठल्या तरी प्रमाणपत्राचा आधार घेतात. एक म्हणतो, हे पवित्र आहे, गाईपासून आलेले आहे. दुसरा म्हणतो, हे नैसर्गिक आहे, झाडापासून आलेले आहे. या दोघांना हसणारा तिसरा कारखान्याच्या बाटलीवरचा ९९.९ टक्के जंतू मारण्याचा दावा दाखवतो. तिघेही बाटलीत काय आहे याबद्दल बोलतात. बाटलीतले ओतून झाल्यावर काय होते, याबद्दल तिघेही गप्प.

जुन्या धर्मशास्त्राने याकडे कसे पाहिले, हे पाहण्यासारखे आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा भाग आहे. त्यातली जातिभेदाची आणि स्त्रियांवरच्या बंधनांची कलमे क्षणभर बाजूला ठेवून हा भाग वाचला, तर हाती येते ती भांडी-कपडे धुण्याची पुस्तिका. तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील, शिसे हे ज्याला जे मानवेल त्याप्रमाणे क्षाराने, आंबटाने आणि पाण्याने स्वच्छ करावे. रेशीम आणि लोकर खाऱ्या मातीने, बकऱ्याच्या लोकरीची कांबळी रिठ्याने, अळशीच्या धाग्याची वस्त्रे पांढऱ्या मोहरीने. मंत्राचा पत्ता नाही. आहे ते वस्तूचे आणि मळाचे निरीक्षण. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली निघालेल्या चौथ्या खंडात शुद्धीचे हे सगळे नियम एकत्र मांडले आहेत.

ज्यांनी वेदप्रामाण्य मानले नाही त्यांच्या न्हाणीघरातही सामान तेच होते. पाली अंगुत्तर निकायातल्या उपोसथाच्या सुत्तात बुद्ध मन निर्मळ करण्याबद्दल बोलतात आणि दाखले देतात ते धुण्याचे. मळका कपडा खाऱ्या मातीने, क्षाराने, शेणाने आणि पाण्याने स्वच्छ होतो. आरसा तेलाने, राखेने आणि केसांच्या कुंच्याने. अनसिंगहून फार लांब नसलेले लोणारचे सरोवरही याच सामानाच्या यादीतले. आईन-ए-अकबरीत वऱ्हाडच्या सुभ्याचे वर्णन करताना अबुल फझल लिहितो की लोणारच्या आसपासच्या डोंगरात काच आणि साबण बनवण्याचे सगळे साहित्य मिळते. त्या सरोवराच्या पाण्याचा सामू साडेनऊ-दहाच्या आसपास आहे. आज कारखान्यातून पाकिटात येणारा धुण्याचा सोडा म्हणजे जो पदार्थ, तोच तिथे काठावर उघड्यावर वाळत असे.

म्हणजे चिंच, राख, खार, रिठा हे काही परदेशातून आलेले नवे फॅड नाही. मात्र त्याच मनुस्मृतीत, त्याच अध्यायात, एक श्लोक असा आहे की जो या सगळ्या यादीच्या डोक्यावर बसतो. सगळ्या शौचांमध्ये पैशाच्या व्यवहारातले शौच श्रेष्ठ. जो त्यात शुद्ध तोच शुद्ध, केवळ माती-पाण्याने धुतलेला नव्हे, असे तो सांगतो. मळ काढण्याची इतकी बारीक माहिती देणारा ग्रंथ स्वतःच कबूल करतो की हात धुण्याने माणूस धुतला जात नाही. त्याच्या आधीच्या अध्यायात पाण्यात मलमूत्र टाकू नये, थुंकू नये असाही नियम आहे. आपला मळ वाहत्या पाण्यावर ढकलून देणे म्हणजे स्वच्छता नव्हे, एवढे त्या काळच्या नियमकर्त्यालाही कळत होते.

आता पहिल्या प्रमाणपत्राकडे, पवित्रतेकडे येऊ.

मध्य प्रदेश सरकारने २०२१च्या सुरुवातीला सरकारी कार्यालयांत रासायनिक फिनाईलऐवजी गोमूत्रापासून बनवलेले फिनाईल वापरावे असा आदेश काढला. त्याच वर्षी जानेवारीत नितीन गडकरींच्या हस्ते शेणापासून बनवलेल्या खादीच्या रंगाचे अनावरण झाले. नागपूरजवळच्या देवलापारच्या केंद्रात पंचगव्यावर काम चालते. शेतकऱ्याच्या भाकड गाईलाही काही किंमत यावी, हा यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. सारवणाचेही तसेच. मातीच्या जमिनीवर शेणाचा हात फिरला की धूळ बसते, भेगा बुजतात, जमीन टणक होते. मातीच्या घरात हे शहाणपणाचे काम होते.

पण गोमूत्राच्या फिनाईलच्या अनेक बाटल्यांत पाइनचे तेल आणि कडुनिंबाचा अर्क असतो, आणि नाकाला जाणवणारी स्वच्छता बहुतेक त्या तेलाची असते. कच्च्या गोमूत्रातल्या युरियाचा काही वेळात अमोनिया होतो. ते सांडलेल्या जागी ब्लीच पडले तर डोळे-घसा जाळणारा क्लोरामाइन वायू तयार होतो. गुरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतूही पसरू शकतात. गाईला पूज्य मानणाऱ्याने यातले काहीही नाकारण्याची गरज नाही. पूज्य असणे ही एक गोष्ट आणि फरशी पुसायला योग्य असणे ही दुसरी. तुळस पूज्य आहे म्हणून कुणी तिचा खराटा करत नाही.

पवित्रतेच्या प्रमाणपत्राने काय होऊ शकते, याचा दाखला महाराष्ट्राने १९२७ साली पाहिला. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. माणसांनी ओंजळीने पाणी प्यायल्याने तळ्यात कसली घाण पडली नव्हती. तरीही सनातन्यांनी तळे बाटल्याचे ठरवले आणि शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी तळ्यात ओतून विधिपूर्वक त्याची 'शुद्धी' केली. पिण्याच्या पाण्यात शेण आणि मूत्र मिसळले, तेही शुद्धतेच्या नावाने. पदार्थ जन्माने पवित्र, माणूस जन्माने अपवित्र, ही समजूत एकदा पक्की झाली की डोळ्यांसमोरची घाण दिसत नाही आणि नसलेली घाण दिसू लागते.

हेच बायकांच्या वाट्यालाही आले. महिन्यातले चार दिवस जिचा स्पर्श नको, तिनेच उरलेले दिवस घरभर पोतेरे फिरवायचे. या वऱ्हाडात फिरलेल्या चक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात विटाळाची ही कल्पना मोडीत काढली होती. नाकातून, डोळ्यांतून जसे शरीराचे स्राव बाहेर पडतात तसाच तो एक, असे त्यांचे म्हणणे महानुभाव परंपरेने जपून ठेवले आहे.

दुसरे प्रमाणपत्र निसर्गाचे. यावर आज सर्वांत जास्त विश्वास आहे, म्हणून त्याची तपासणी जरा बारकाईने करावी लागते.

रिठ्याचेच घ्या. आठ-दहा रिठे फोडून बिया काढायच्या, साली रात्रभर भिजवायच्या, सकाळी उकळून, कुस्करून गाळायच्या. मधासारख्या रंगाचे फेसाळ पाणी मिळते. त्यातले सॅपोनिन तेलाला धरून ठेवते आणि पाण्याबरोबर घेऊन जाते. लोकरीचे स्वेटर, रेशमी साड्या, सोन्याचे दागिने यांना ते उत्तम. टिकवणारे रसायन नसल्याने हे पाणी दोन-चार दिवसांत आंबते, म्हणून थोडेच करावे, थंड जागी ठेवावे. डोळ्यात गेले तर चांगलेच झोंबते. आणि एक गोष्ट रिठ्याच्या चाहत्यांना सहसा ठाऊक नसते. सॅपोनिन माशांना विषारी आहे. जगात अनेक ठिकाणी अशा सॅपोनिनवाल्या वनस्पती कुटून डोहात टाकायचे आणि गुंगून वर आलेले मासे हाताने उचलायचे, अशी मासेमारी चालत आली. रिठ्याचे पाणी मातीत लवकर कुजून निरुपद्रवी होते, ही त्याची जमेची बाजू. पण तेच थेट ओढ्यात सोडले तर 'नैसर्गिक' या शब्दाने माशाचा जीव वाचत नाही.

व्हिनेगर आणि लिंबूही निरागस नाहीत. बोअरच्या जड पाण्याने नळाच्या तोंडाशी साचलेला पांढरा थर व्हिनेगरमध्ये भिजवलेला कपडा गुंडाळून ठेवला की सुटतो. काचाही लख्ख होतात. मात्र वऱ्हाड-मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत जमिनीला शहाबादी फरशी असते. ती चुनखडीचा दगड आहे. आम्लाने चुनखडी विरघळते, फरशीचे तेज जाते आणि खरखरीत झालेल्या जागेत मळ आणखी रुतून बसतो. संगमरवरी देव्हाऱ्याचेही तेच. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून उसळणारा फेस दाखवण्याचा खेळ तर फारच लोकप्रिय आहे. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आणि खाली उरते जवळजवळ साधे खारट पाणी. दोन चांगल्या वस्तू वेगवेगळ्या वापरल्या असत्या तर दोन्हींनी काम केले असते.

जैवविकर किंवा बायो-एन्झाइम म्हणून जे ओळखले जाते त्याचा प्रसार थायलंडच्या डॉ. रोसुकोन पूम्पनवोंग यांनी केला. प्रमाण साधे: एक भाग गूळ, तीन भाग फळांच्या साली, दहा भाग पाणी. वाशीम जिल्ह्यात संत्र्याच्या बागा आहेत, त्यामुळे हिवाळ्यात सालींची ददात नाही. प्लॅस्टिकच्या रुंद तोंडाच्या बरणीत हे मिश्रण थोडी जागा रिकामी सोडून भरतात. पहिल्या महिन्यात रोज झाकण सैल करून वायू सोडावा लागतो. सुरुवातीला बरणी फुगते, साली वर तरंगतात, कधी पांढरी साय धरते. तीन महिन्यांनी साली तळाशी बसतात आणि वरचे तपकिरी पाणी आंबूस, संत्र्याच्या वासाचे होते. ते गाळून बादलीभर पाण्यात थोडे घातले की फरशी पुसायला, ओट्याचा चिकटपणा काढायला चालते. काचेची बरणी मात्र नको, वायूच्या दाबाने ती फुटू शकते.

यात खरे काम करते ते किण्वनातून तयार झालेले ॲसिटिक आम्ल आणि सालीतले तेल. घरच्या रोजच्या मळाला ते पुरते. ते जंतुनाशक आहे असे मानून आजाऱ्याची खोली त्याने पुसणे मात्र धोक्याचे. कचऱ्यात जाणारी साल कामी आली, गुळाखेरीज खर्च नाही, आणि बरणीत काय आहे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. या पद्धतीचे मोठेपण एवढेच, आणि ते काही कमी नाही.

तिसरे प्रमाणपत्र मारण्याच्या क्षमतेचे. इथे अहिंसा मानणाऱ्यांची पंचाईत होते. वाशीम जिल्ह्यातच शिरपूर हे अंतरिक्ष पार्श्वनाथांचे तीर्थ, आणि कारंजा हे दिगंबर जैनांचे जुने विद्यापीठासारखे ठिकाण. जैन आचारात गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. जाणूनबुजून केलेली ती संकल्पी. उपजीविकेच्या उद्योगात होणारी ती उद्योगी. स्वसंरक्षणात होणारी ती विरोधी. आणि रांधणे, झाडणे, धुणे अशा घरकामात होणारी ती आरंभी. साधूने चारही टाळायच्या, गृहस्थाने पहिली पूर्णपणे टाळायची आणि उरलेल्या तीन शक्य तेवढ्या कमी करायच्या. फरशी पुसताना जीव मरतात, हे या विचाराने लपवले नाही. त्यावर त्याचे सांगणे आहे ते जपून वागण्याचे. पाणी गाळून घ्यावे, आणि गाळण्याच्या कापडाला लागलेले सूक्ष्म जीव ज्या विहिरीचे पाणी तिथेच परत सोडावेत, अशी जुनी रीत आहे. गाळलेले कुठे जाते याचा विचार इथे कर्मकांडातच शिवून टाकलेला दिसतो.

याच्या उलट टोकाला व्हिएन्नाचे रुग्णालय आहे. तिथल्या प्रसूती विभागात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने शवविच्छेदन करून आलेल्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतरोगाने मरणाऱ्या स्त्रियांची संख्या झपाट्याने खाली आली. प्रतिष्ठित, सुशिक्षित, साबणाने हात धुतलेले डॉक्टरच मृत्यू वाहून नेत होते, हे त्या वेळी कुणाला मान्य करवेना. घरात जुलाब-उलट्यांचा रुग्ण असेल तर आजही संत्र्याच्या सालीचे पाणी बाजूला ठेवून ब्लीच घ्यावे लागते. ५ टक्के हायपोक्लोराइटच्या द्रावणाचा एक भाग आणि साध्या पाण्याचे ४९ भाग मिसळले की ०.१ टक्के द्रावण होते. पृष्ठभाग निर्जंतुक करायला कोविडच्या काळात जागतिक आरोग्य संघटनेने हेच प्रमाण सांगितले होते. ते लावण्याआधी जागा साबणाने धुवावी लागते आणि खिडकी उघडी ठेवावी लागते. जीव वाचवण्यासाठी जंतू मारणे ही आरंभी हिंसा मानली तरी ती टाळणे म्हणजे आजाऱ्याची हिंसा.

अडचण होते ती रोजच्या रोज, गरज नसताना, 'जास्त म्हणजे चांगले' या हिशेबाने मारण्याची. संडासाचे ॲसिड आणि ब्लीच एकत्र पडले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडलेला तोच हा वायू, दार लावलेल्या छोट्या संडासात. ॲसिड घरोघरी इतके सहज पोचले होते की त्याचा वापर बायकांच्या चेहऱ्यावर फेकायला होऊ लागला, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाला त्याच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घालावे लागले. अनसिंगच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७च्या हंगामात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्या भागाने हे पाहिले तिथे कुठलेही तीव्र द्रव थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. हा नियम घरी बनवलेल्या द्रव्यालाही लागू आहे. रिठ्याच्या पाण्यावरसुद्धा नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी हवी.

तिन्ही प्रमाणपत्रे अशी अपुरी ठरल्यावर मापदंड उरतो तो मळाच्या प्रवासाचा. आळंदीला इंद्रायणीचे पात्र गेल्या काही वर्षांत वारंवार पांढऱ्या फेसाने भरलेले दिसते, कधी तर ऐन वारीच्या तोंडावर. वरच्या बाजूला पिंपरी-चिंचवडसारखी मोठी वस्ती आणि कारखाने. तिथले प्रक्रिया न झालेले सांडपाणी, त्यातले डिटर्जंट आणि इतर रसायने नदीत येतात, बंधाऱ्यावरून पाणी पडले की घुसळून फेस होतो. हजारो घरांतले कपडे, भांडी आणि फरशा लख्ख झाल्याचा तो पुरावा आहे. वारकरी त्यात स्नान करतो. वरच्या घरातल्या माणसाने वारकऱ्याला नमस्कार केला असेल, कदाचित दिंडीला चहाही दिला असेल. आपल्या मोरीतून गेलेले पाणी आणि त्याच्या अंगावरचे पाणी यांचा संबंध त्याला कुणी दाखवलेला नसतो.

पतंजलीच्या योगसूत्रांत शौच हा नियमांतला पहिला नियम आहे. पण नियमांच्या आधी यम येतात, आणि यमांत पहिली अहिंसा. शौचाचे फळ म्हणून सूत्रकार स्वतःच्या देहाविषयी विरक्ती आणि इतरांच्या संसर्गापासून दूर राहणे सांगतो. एकांतात बसणाऱ्या योग्याला ते शोभते. गावात, वाड्यात, नळावर राहणाऱ्या माणसाने अहिंसेची आधीची पायरी गाळून थेट शौचावर उडी मारली की त्या दूर राहण्याचे सोवळे होते, आणि सोवळ्याची शिवाशिव व्हायला वेळ लागत नाही. सुंदरिक भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाने बुद्धाला बाहुका नदीवर स्नानाला येणार का, असे विचारले तेव्हा बुद्धाने दिलेले उत्तर याच अंगाने जाते: नदी दुष्कर्म धूत नाही, सर्व प्राण्यांचे क्षेम हेच स्नान.

अनसिंगचे दैवत शृंगऋषी. गावाचे नावही त्यांच्यावरूनच आल्याचे सांगतात. हे ऋषी म्हणजे रामायण-महाभारतातले ऋष्यशृंग असे धरले, तर त्यांची कथा या चर्चेला फार जवळची आहे. बापाने रानात वाढवलेला हा मुलगा. गाव नाही, बाजार नाही, दुसऱ्या माणसाचा स्पर्श नाही. त्याच्याइतके निर्मळ कुणी नाही, आणि तरी शेजारच्या अंगदेशात दुष्काळ. राजा रोमपाद त्याला आश्रमातून बाहेर आणवतो, आणि त्याचे पाऊल नगरीत पडते तेव्हा पाऊस येतो. पुढे दशरथाच्या यज्ञाला बोलावणे येते ते याच ऋषीला. निर्मळपणा जोवर रानात एकटा होता तोवर त्याचा कुणाला उपयोग नव्हता.

वऱ्हाडाच्या मातीत याचे चालते-बोलते उदाहरण गाडगेबाबांचे. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी त्यांचा जन्म झाला तो परीट घरात. गावभरचे मळके कपडे धुणारा बलुतेदार आणि गावगाड्यात त्याची पायरी खालची. लोकांचा मळ काढणारा हलका आणि मळ करणारा वरचा, हा हिशेब त्यांनी हातात खराटा घेऊन उलटवला. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा, मग भाकरी मागायची, रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत ग्रामशुद्धीला स्वतंत्र अध्याय आहे. विनोबा पवनारहून रोज चालत सुरगावला जात आणि तिथला मैला साफ करत. या तिघांनी कुठल्या द्रव्याने साफ करावे याची फारशी चर्चा केली नाही. साफ कोणी करावे, हा त्यांचा प्रश्न होता.

तो प्रश्न आजच्या घरगुती क्लीनरलाही विचारायला हवा. रिठे कोण भिजवणार? साली कोण गोळा करणार, बरणीचे झाकण रोज कोण सैल करणार? पर्यावरणाचा पुळका घरातल्या पुरुषाला आणि त्याची राबणूक बाईला, असे झाले तर नदीवरचा भार बाईच्या पाठीवर आला, एवढाच फरक. कामाला बाई ठेवलेली असेल तर तिच्या हाताला खाज सुटते का, तिला हातमोजे दिलेत का, ॲसिड टाकून संडास घासायला सांगताना दार उघडे ठेवायला सांगितले का, हेही शौचातच मोडते. मनुस्मृतीतल्या त्या पैशाच्या शौचाचा आजचा अर्थ लावायचा तर तिचा पगार वेळेवर देणेही त्यात बसते.

अनसिंगसारख्या गावात मोरीचे पाणी बहुतेक वेळा फार लांब जात नाही. परसातल्या आळ्यात, गल्लीतल्या नालीत, नाहीतर शोषखड्ड्यात. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघड्या नाल्या बंद केल्या आणि डासांचा उपद्रव मिटवला. तो प्रयोग पुढे नांदेडच्या नावाने राज्यभर पोचला. ज्याच्या मोरीचे पाणी स्वतःच्याच अंगणात मुरते त्याला आपण काय ओतले याचा हिशेब द्यावाच लागतो. धुण्याच्या सोड्यातले सोडियम काळ्या मातीच्या चिकणकणांना सुटे करते, माती घट्ट बसते, पाणी मुरेनासे होते. अशा पाण्यावर कढीपत्ता आणि पपई तग धरत नाहीत. रिठ्याचे किंवा सालींचे पातळ पाणी माती सहज पचवते. ब्लीच जास्त गेले तर खड्ड्यातले मळ कुजवणारे जिवाणूच मरतात. शहरातल्या माणसाला नदीपर्यंत जाऊन जे पाहावे लागते, ते इथे परसदारी आठवड्याभरात दिसते.

म्हणून अशा घराच्या फळीवर शेवटी थोडेच सामान उरते: भांड्यांना चिंच आणि राख, तेलकटाला साबण किंवा रिठा, नळाच्या थराला व्हिनेगर, रोजच्या फरशीला सालींचे पाणी, आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, चिठ्ठी लावलेली, आजारपणापुरती ब्लीचची एक बाटली. यातले काय पवित्र आणि काय नैसर्गिक यावर घरात वाद होतील, आजी गोमूत्र सोडणार नाही, कॉलेजला जाणारी नात सामू विचारत बसेल. तो वाद चालू द्यायला हरकत नाही. बादली कोण उचलणार, याची पाळी मात्र आधी ठरवून घ्यावी लागेल.